काहीच न करायचा वाडा

चन्नवीरने जीपवरच्या कर्ण्यातून नुसतं 'हॅलो' म्हटलं होतं. त्यात मेंढरांनी मनाला लावून घ्यावं असं काहीच नव्हतं. पण मंगळवेढ्याच्या पलीकडच्या त्या माळावर आजवर कुणी मेंढरांना 'हॅलो' म्हटलेलं नव्हतं, आणि सगळा कळप एकदम उधळला. चहूबाजूंनी रान मोकळं असताना तो नेमका जीपच्या दिशेने उधळला. पुढचा एडका तर जीपवरूनच उडी मारून पलीकडे गेला, आणि जाता जाता कर्ण्यावर पाय देऊन गेला. त्यानंतर त्या कर्ण्यातून काहीही बोललं तरी वाक्याच्या शेवटी बारीकसं 'बें' ऐकू यायचं. ज्यांना हे पटत नाही त्यांनी त्या भागात जाऊन विचारावं. तिथली माणसं हेच सांगतील, फक्त 'एडका'ऐवजी 'एडके' म्हणतील.

धूळ खाली बसली तेव्हा चन्नवीर जीपच्या चाकाशी बसलेला होता. एका पायात चप्पल होती, दुसरी कळपाबरोबर गेली होती. आणि समोर एक मुलगी उभी होती. हिरव्या लुगड्याचा पदर कमरेला खोचलेला, हातात काठी, काखेत कोकरू, कपाळावर भंडाऱ्याचं पिवळं बोट.

"कोन मेलं?" तिने विचारलं.

"अं?"

"एवढ्यानं वरडत सुटलाव, म्हनून इचारलं. कोन मेलं?"

"कुणी नाही… मी आवाज तपासत होतो."

"मग झाला की तपासून. लई चांगला हाय. आता आमची मेंढरं तपासू या, किती ऱ्हायली ती." ती वळली, आणि मग मान मागे करून म्हणाली, "बसून काय ऱ्हायलाव? उठा की! पळवली कुनी?"

चन्नवीर उठला आणि एका चपलेवर माळभर धावला. मेंढराला डावीकडून गाठावं तर ते उजवीकडे जायचं, उजवीकडून गाठावं तर तिथेच थांबून त्याच्याकडे बघत राहायचं. ती मात्र ओठांनी एक बारीक शीळ घालायची, आणि तिच्या बाजूची मेंढरं शाळा सुटल्यासारखी गोळा व्हायची. सूर्य कलला तेव्हा कळप जागेवर आला. तिच्या कपाळावर घाम होता, आणि ती हसत होती… त्याच्याकडे बघून, अगदी उघड उघड.

"नाव काय तुमचं?" त्याने विचारलं.

"मायाक्का. बिरप्पाची. ह्यो आमचा वाडा." तिने जाळीच्या कुंपणाकडे बोट केलं. धनगरांचा वाडा म्हणजे एवढंच असतं — मेंढरांभोवती जाळी, तीन दगडांच्या चुली, आणि पाठीवर बांधता येईल तेवढा संसार. "आन् तुमी? कर्ण्यात काय सांगायला निगालता?"

बिरप्पाचं नाव ऐकलं आणि चन्नवीरची जीभ टाळ्याला चिकटली. तो वाट चुकला होता. जगातल्या ज्या एका वाड्यापुढे त्याने तोंड उघडायचं नव्हतं, त्याच वाड्यापुढे तो कर्णा घेऊन उभा होता.

"हवामान," तो म्हणाला.

"काय?"

"हवामान सांगतो मी. सोलापूरहून येऊन, गावोगाव."

"पाऊस पडनार हाय व्हय?"

"नाही."

मायाक्काने कोकरू दुसऱ्या काखेत घेतलं. "फेब्रुवारीत पाऊस पडनार न्हाय," ती सावकाश म्हणाली, "एवढं सांगायला सोलापूरनं जीप आली?"

आता ही भानगड काय होती ते सांगायला हवं. साल अठ्ठ्याहत्तर. विधानसभेची निवडणूक तोंडावर आलेली. सोलापूरच्या एका कॉलेजात शिवयोगी सर राज्यशास्त्र शिकवायचे, आणि त्यांच्या डोक्यात एक प्रश्न घुसला होता. मेंढरांमागे फिरणारी माणसं मतदानाला येत नाहीत, आणि त्यांच्या बायका तर मुळीच येत नाहीत. कशाने येतील? सरांनी करंजेवाडी गावचे चार वाडे निवडले, टोपीत चिठ्ठ्या टाकल्या आणि प्रयोग मांडला. पहिल्या वाड्यात पत्रकं वाटायची. ती शेळ्यांनी खाल्ली, आणि शाई पचत नाही हे तेवढं सिद्ध झालं. दुसऱ्याला कर्णा. तिसऱ्या वाड्यात दोन पोरांनी रोज जाऊन बसायचं, बोलायचं, मनं वळवायची. आणि चौथा वाडा बिरप्पाचा. तिथे काहीच करायचं नाही. मताचा 'म' काढायचा नाही. म्हणजे शेवटी बाकीच्या तिन्हींशी ताडून बघता येतं.

या सगळ्यावर देखरेख चन्नवीरची. नव्या पेठेतल्या बसलिंगप्पांच्या कापडदुकानाचा हा थोरला मुलगा. लुगडी मोजून मोजून कंटाळला होता, म्हणून सरांकडे आला होता. घरी अक्कलकोटच्या मुलीचा फोटो येऊन पडला होता. तो त्याने अजून बघितला नव्हता… आणि त्या संध्याकाळी जीप परत नेताना त्याच्या लक्षात आलं, की आता बघण्यात काही अर्थही नाही.

दोन दिवसांनी तो पुन्हा आला. "चप्पल राहिली होती," म्हणाला.

"कुत्र्यानं खाल्ली. दुसरी बी आनलीय व्हय त्याच्यासाटी?"

मग पुन्हा आला, तेव्हा निमित्तच नव्हतं.

"आज काय हवामान?" मायाक्काने विचारलं.

"स्वच्छ."

"काल बी स्वच्छच व्हतं."

"आज जास्त आहे."

ती चुलीशी बसली होती. ज्वारीची कोवळी कणसं आरात भाजून, तळव्यावर चोळून, फुंकर घालून तिने हुरडा त्याच्यापुढे केला. कोंडा उडून त्याच्या भुवयांवर बसला. तिने हात पुढे केला… आणि मध्येच थांबवला. "तुमचं तुमीच पुसा," म्हणाली. पुसायचं तो विसरला. तसाच, भुवयांवर कोंडा घेऊन, तो सोलापूरपर्यंत गेला.

"हवामान नसलं की काय करता?" एकदा तिने विचारलं.

"लुगडी मोजतो. नव्या पेठेत दुकान आहे आमचं."

"माजं कसं हाय सांगा बगू."

"नऊवार."

"ते आंदळा बी सांगंल."

"रंग पक्का आहे. आमच्या दुकानचं नाही हे. आमच्याकडचा रंग जातो."

मायाक्का इतकी हसली की जाळीतली मेंढरंसुद्धा वळून बघू लागली. "बाप ऐकंल की हो तुमचा!"

"ऐकू दे," चन्नवीर म्हणाला. हे शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदाच निघाले होते. त्याला स्वतःलाच ते नवीन, कोरे वाटले.

पण माळालाही पाणवठा असतो, आणि पाणवठ्यावर आसपासच्या वाड्यांच्या बायका असतात. तिसऱ्या वाड्याची म्हाळसाबाई घागर बुडवता बुडवता म्हणाली, "आमच्याकडं दोन पोरं येत्यात बाई रोज. मताला चला म्हन्त्यात. आन् त्यांचा वरचा कोन ठावं हाय का? नव्या पेठंचा चन्नवीर. तुमच्याकडं बी येतो न्हवं?"

दुसऱ्या दिवशी तो आला, तेव्हा मायाक्का वाटेतच काठी आडवी धरून उभी होती.

"हवामान काय?"

"स्वच्—"

"गप ऱ्हावा. पैल्या वाड्याला कागुद. दुसऱ्याला कर्णा. तिसऱ्याला मानसं. आन् आमाला?"

चन्नवीरने खाली बघितलं. "काहीच नाही."

"म्हंजे?"

"म्हणजे… चौथ्या वाड्याला काहीच करायचं नाही. शास्त्रात तसं लागतं, मायाक्का. काही न केलेला एक वाडा लागतो, ताडून बघायला. चिठ्ठीच तशी निघाली…"

"काहीच न करायचा वाडा." तिने शब्द चावून बघितले. "आन् ह्ये तुमाला शास्त्रात वाचायला लागलं? माज्या आज्यापासनं समदी आमच्यावर ह्योच प्रयोग करत्यात की!"

तिचा आवाज चढला नाही. काठी मात्र जमिनीत रुतली.

"गेल्या साली माजं पैलं मत व्हतं," ती म्हणाली. "आबाला म्हनलं, मला जायचंय. आबा म्हनला, मेंढरं कोन बगंल? आन् आपली मतं अन्नाराव टाकतोच की. मग अन्नारावच आला संध्याकाळी. म्हनला, पोरी, पडलं बघ तुजं मत, काळजी करू नगं. मी इचारलं, कुनाला टाकलंत? तर हसला. बायकांनी एवढ्या खोलात जायचं नसतंय, म्हनला."

अण्णाराव म्हणजे करंजेवाडीचा सरपंच. ज्या रानात हा वाडा बसला होता ते रानही त्याचंच — गावापासून चार कोसांवर, माण नदीच्या काठाला. मेंढरं रानात बसवायची, लेंडीखत पडायचं, आणि त्या बदल्यात बिरप्पाला ज्वारी मिळायची. रीत जुनी होती.

चन्नवीर सावकाश म्हणाला, "गेल्या वर्षी मतदानाला वाडा कुठे होता?"

"हितंच."

"त्याच्या आधीच्या मतदानाला?"

"हितंच… मी ल्हान व्हते, पन ही नदी ध्यानात हाय."

"आणि एरवी अण्णाराव बोलावतो मेंढरं?"

मायाक्काने नकारार्थी मान हलवली. दोघांनी एकदमच रानाकडे बघितलं. एवढं खत पडूनसुद्धा तिथे काही पेरलेलं नव्हतं, नुसतं कुसळ माजलं होतं. रानाला खत नको होतं. गावाला मेंढपाळ नको होते, मतदानापुरते.

"आता तुमचं शास्त्र काय म्हन्तंय?" तिने विचारलं.

"शास्त्र म्हणतं, मी तोंड उघडायचं नाही."

"आन् तुमी?"

चन्नवीरने तोंड उघडलं, आणि… मिटलं. शिवयोगी सरांचं वर्षभराचं काम त्याला आठवलं. मायाक्काने काठी उपटून घेतली.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "तुमी काहीच करू नगा. मी करते."

त्यानंतर तो येत राहिला, पण बांधाच्या पलीकडे बसून. ती त्याच्याकडे बघत नसे. नेमकी जिकडे तो बसलाय तेवढीच दिशा सोडून ती सगळीकडे बघायची, आणि कुणी इतक्या बारकाईने न बघणं हे बघण्यापेक्षा जास्त असतं, एवढं तर नव्या पेठेतही कळतं.

मतदानाच्या आदल्या दिवशी अण्णाराव स्वतः रानात आला. पान चघळत बिरप्पाला म्हणाला, "जाळी अमावास्येपतुर हालवायची न्हाय बरं का. हालवली तर ज्वारीचा दाना मिळायचा न्हाय."

"न्हाय हालवत, मालक," बिरप्पा म्हणाला.

मायाक्का बापापुढे जाऊन उभी राहिली. "आबा, मला उद्या मत टाकायचंय."

"आन् खायचं काय वर्सभर? मत?" बिरप्पाने पटका झटकला. "समद्यांनी जायचं म्हनलं तर मेंढरं कोन बगंल? कुनी जायचं न्हाय."

"समदी न्हाय जात," मायाक्का म्हणाली, "तर मेंढरं जातील."

बिरप्पाला वाटलं पोरगी रागाने काहीबाही बोलते आहे. तिला ओळखणारी मेंढरं मात्र त्या दिवशी लवकर झोपली.

फटफटलं तेव्हा मायाक्काने जाळी सोडली, पुढे झाली आणि शीळ घातली. अख्खा कळप तिच्या मागे चालू लागला. बिरप्पाला जाग आली ती आवाजाने नव्हे, आवाज नसल्याने. जाळी रिकामी! तो उठला तसाच, पटका हातात घेऊन धावत सुटला. त्याला धावताना बघून त्याचा भाऊ धावला. भावाच्या मागे भावजय, तिच्या मागे सासू, सासूमागे कुत्री. मेंढरं गेली म्हटल्यावर धनगराच्या घरात मागे राहतो कोण? अशी ती वरात चार कोस चालली. पुढे एक मुलगी, मध्ये मेंढरं, आणि मागे "थांब गं!" म्हणून ओरडणारे झाडून सगळे मतदार.

करंजेवाडीच्या शाळेत सकाळपासून शुकशुकाट होता. कडुनिंबाची पिवळी पानं गळत होती. झाडाखाली खुर्ची टाकून चन्नवीर कोणत्या वाड्याचं कोण आलं ते टिपत होता. शेजारी शिवयोगी सर छत्री धरून बसले होते. पहिल्या वाड्याचे दोघे आले होते, दुसऱ्याचा एक, तिसऱ्याचे पाचसहा पुरुष. पायरीवर अण्णाराव घड्याळ बघत होता. दुपारची जेवणं झाली की उरलेली मतं 'पाडायची', हा त्याचा शिरस्ता.

आणि पश्चिमेला धुरळा उठला. असा उठला की कावळे संध्याकाळ समजून झाडांवर परतले, आणि शाळेच्या शिपायाने कंदील पेटवायला घेतला. त्या धुरळ्यातून घंटांचा आवाज आला, आणि मग हिरवं लुगडं.

हवालदार दंडुका घेऊन धावला. "ए! शंभर मीटरच्या आत प्रचार करायचा नाही!"

"मेंढरं कुनाचा प्रचार करत्यात?" मायाक्का म्हणाली. "इचारा की त्यास्नी."

हवालदाराने खरोखरच पुढच्या एडक्याकडे बघितलं. एडक्याने त्याच्याकडे बघितलं. आतून मतदान अधिकारी आले, त्यांनी नियमांचं पुस्तक उलटंपालटं करून पाहिलं. दारू होती, हत्यारं होती, वाहनं होती. मेंढरं नव्हती. "आवाराबाहेर ठेवा," ते म्हणाले, "आणि मतदार असाल तर रांगेत या."

तोवर बिरप्पा धापा टाकत पोचला. मागे अख्खा वाडा.

"बिरप्पा!" अण्णाराव पायरीवरून गरजला. "जाळी हालवलीस? दाना मिळनार न्हाय सांगून ठेवतो!"

बिरप्पा घामाने निथळत होता. त्याने पोरीकडे बघितलं. बायकांच्या रांगेच्या खुणेपाशी ती एकटी उभी होती, ताठ. मग त्याने सावकाश पटका बांधला, जसा लग्नाला बांधतात तसा.

"नगा देऊ, मालक," तो म्हणाला. "मग आमचं खत तेवढं परत करा."

बायका पदरात हसल्या. पण रांगेत एकही पाऊल पडलं नाही. कारण खरी अडचण अजून तिथेच होती, लोकर घालून उभी होती. बाजूलाच कुणाची तरी हरभऱ्याची पट्टी हिरवीगार डोलत होती. समदी आत गेली तर मेंढरं कोण बघणार?

मायाक्का झाडाखाली आली. इतक्या दिवसांत प्रथमच तिने चन्नवीरच्या डोळ्यांत बघितलं. फक्त काठी पुढे केली.

"चन्नवीर!" शिवयोगी सर ओरडले. "चौथ्या वाड्याला हात लावायचा नाही! वर्षाचं काम आहे हे!"

चन्नवीर उठला. "सर, मी माणसांना हात लावत नाही," तो म्हणाला. "मेंढरं सांभाळतो." आणि त्याने काठी घेतली.

मग नव्या पेठेतल्या बसलिंगप्पांच्या थोरल्या मुलाने दोन तास मेंढरं राखली. त्याला शीळ येत नव्हती, म्हणून त्याने दुकानात गिऱ्हाइकांना हाक मारतात तशी हाक मारली — "या, या, आत या, बघायला पैसे पडत नाहीत!" — आणि मेंढरं, काय सांगावं, थांबली. हरभऱ्याचं एक पान गेलं नाही. तेवढ्यात बिरप्पाच्या वाड्याने मतं टाकली. पुरुषांनी टाकली, बायकांनी टाकली, सासूने दोन माणसांच्या खांद्यावर हात ठेवून टाकलं. अण्णारावाची माणसं पायरीवर नुसती बसून राहिली. पाडायला काही उरलंच नव्हतं.

मायाक्का बाहेर आली. डाव्या हाताच्या बोटावरची शाई तिने उन्हात धरून बघितली, फुंकर घातली, आणि सरळ मेंढरांतून वाट काढत त्याच्यापाशी आली. कपाळावरचा भंडारा घामाने ओघळला होता. चन्नवीरला वाटलं, हिच्याइतकं सुंदर आजवर कुणी मत दिलेलं नाही.

"कुणाला दिलंस?" त्याने विचारलं.

"ते सांगायचं नसतंय. सायबांनी बजावलंय."

"बरं." त्याने काठी परत केली. तिने धरली, पण त्याने सोडली नाही. "आणि… माझं?"

"तुमचं काय?"

"माझ्याबद्दल काही ठरवलंस का?"

"तुमी काय ठरवलंय? म्हाळसाबाई म्हनली, घरी अक्कलकोटचा फोटू हाय."

"आज संध्याकाळी परत पाठवतो."

"बाप दुकानातनं बाहेर काढंल."

"काढू दे. रंग जातोच तिथला."

मायाक्काच्या ओठांचा कोपरा हलला. ती वळली. समोर अख्खा वाडा होता, बाकीच्या तिन्ही वाड्यांची माणसं होती, हवालदार, अधिकारी, पायरीवर अण्णाराव. तिने माळावरच्या आवाजात, कर्ण्याची गरज न लागणाऱ्या आवाजात हाक दिली.

"आबा! ह्यो नव्या पेठंचा चन्नवीर. मला ह्यो पसंत हाय!"

अण्णाराव पान गिळून बसला.

"अगं, हळू," बिरप्पा कासावीस होऊन म्हणाला. "गुपचूप सांगायचं असतंय असलं…"

"मत गुपचूप असतंय, आबा," मायाक्का म्हणाली. "ह्ये न्हाय."

बिरप्पाने चन्नवीरला वरपासून खालपर्यंत बघितलं, बाजारात एडका बघतात तसं. मग मेंढरांकडे बघितलं. एकही कमी नव्हतं. "बगू," तो म्हणाला. धनगराच्या बोलीत याहून जास्त होकार नसतो.

शिवयोगी सर छत्री मिटून केव्हाचे उभे होते. "चौथ्या वाड्याचा आकडा सगळ्यांत मोठा आला," ते खिन्नपणे म्हणाले, "आणि तोच मला गाळावा लागणार. कारण काय लिहू, चन्नवीर?"

"लिहा, सर," चन्नवीर म्हणाला. कळप निघाला होता, आणि तो मेंढरांच्या मागून चालायलाही लागला होता. "लिहा — संशोधक तिकडेच गेला."